मंडळ सोडा, गाव वाचवा

ज्या पक्षासाठी मी अमेरिकेत पत्रकं लिहिली, त्याचा नगर परिषदेत एकच माणूस होता आणि तो डच होता.

हॉलंडमधल्या आपल्या मूळ गावी हे गृहस्थ उमेदीच्या वर्षांत नगरसेवक होते. देशाने युरोपीय संघातून बाहेर पडावं असं म्हणणारा एक चिमुकला पक्ष होता, त्याचे. आता गावच्या नगर परिषदेला युरोपीय संघाचं काय करता येणार? काहीच नाही. पण त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. विषय गटाराचा असो, बाजारातल्या गाळ्यांचा असो की सायकली लावायच्या जागेचा, हे उभे राहायचे आणि सांगायचे की याचं मूळ ब्रुसेल्समध्ये, संघाच्या मुख्यालयात आहे. पुढे अमेरिकन बायकोबरोबर ते इकडे आले, इंजिनिअरची नोकरी केली, नागरिक झाले, निवृत्त झाले. आणि आमच्या गावात त्यांना आणखी एक ब्रुसेल्स सापडलं.

आमचं गाव सिएटलच्या बाजूला, बॉथेलच्याही पुढे. आजूबाजूच्या काही गावांनी मिळून एक प्रादेशिक बोर्ड केलेलं आहे. बस, कचरा, अग्निशमन सगळं त्या बोर्डाकडे. गावं पैसे भरतात आणि निर्णय बोर्ड घेतं. बोर्डावरच्या माणसांना थेट कोणी निवडून देत नाही. डच काकांनी, म्हणजे आम्ही मराठी लोक त्यांना असंच म्हणायचो, या एका मुद्द्यावर निवडणूक लढवली. भर पावसात सायकलवरून दारोदार फिरले आणि निवडून आले. लोकांना मुद्दा पटला की सायकल आवडली, हे आम्ही कधी खोलात जाऊन पाहिलं नाही.

इथे गावच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. तरी आमचा पक्ष होता, कारण आमच्याकडे पत्रक होतं. पक्षात डच काका, मी आणि माझे बाबा. डच काकांच्या बायकोलाही आम्ही आमच्यातच धरायचो. तिचं मत आम्हाला पडतं का, हे मात्र विचारायचं टाळायचो.

बाबा नागपूरला बँकेत कारकून होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त. डब्यात शेवेखाली पत्रक, कपाटात साड्यांखाली पत्रकं. मी अक्षरं शिकले तीच मुळी पत्रकांवरून. आईला सॉफ्टवेअरची नोकरी मिळून आम्ही इकडे आलो, तेव्हा शाळेत बाईंनी सगळ्यांना आपापल्या भाषेतला एक आवडता शब्द फळ्यावर लिहायला सांगितला. एका मुलीने 'फूल' लिहिलं, एकाने 'आजी'. मी 'निषेध' लिहिलं. अर्थ सांगितल्यावर बाईंनी घरी फोन केला. बाबांनी फोनवर विचारलं, "काहून? ऱ्हस्व-दीर्घ चुकलं का?"

त्यांचे पत्रकाचे नियम ठरलेले होते. पहिल्या ओळीत आरोप. मधे प्रश्न, उत्तरं नाहीत, उत्तरं वाचणाऱ्याने द्यायची. शेवटच्या ओळीत वार, वेळ आणि जागा. त्याखाली काही नाही, कविता तर नाहीच.

मला हे सगळं मनापासून पटतं. माझ्या दारासमोरच्या रस्त्याचा निर्णय जो घेतो, तो माणूस मला दुकानात दूध घेताना भेटला पाहिजे. भेटला तर जाब विचारता येतो. जो भेटतच नाही तो सज्जन असून उपयोग काय? डच काकांचं म्हणणं हेच होतं आणि ते मला त्यांच्याआधीपासून पटत होतं. बाकी बाबतीत आमचं जमायचं असं नाही. त्यांना पत्रकात आलेख हवे असायचे.

त्या वसंतात बोर्डाने आमच्या गावची छोटी बस बंद करायचं ठरवलं.

ही बस गावातल्या गावात गोल फिरते. अपार्टमेंट, लायब्ररी, इंडियन ग्रोसरी, पोहण्याचा तलाव, पुन्हा अपार्टमेंट. बोर्डाचं म्हणणं, माणसं कमी बसतात, त्याऐवजी ॲपवर बोलवायची व्हॅन देऊ. ॲपला स्मार्टफोन लागतो, कार्ड लागतं आणि इंग्रजीत पत्ता टाइप करावा लागतो. त्या बसमध्ये बसणाऱ्या निम्म्या बायकांकडे यातलं एकही नव्हतं. त्या म्हणजे मुलाकडे येऊन राहिलेल्या आया. कोणी नाशिकची, कोणी हैदराबादची, कोणी शांघायची.

आमच्या शेजारच्या काकू वाईच्या. काका गेल्यावर त्या मुलाकडे आल्या. गाडी चालवत नाहीत. रोज सकाळी त्या बसने तलावावर जायच्या, कारण इथे येऊन त्या पोहायला शिकल्या होत्या. बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख त्यांनी सुनेकडून ऑर्डर करून घेतला होता आणि येताना ग्रोसरीतून कढीपत्ता आणायच्या. बस बंद होणार हे मी सांगितलं तेव्हा त्या कोथिंबीर निवडत होत्या. हात थांबला.

"मग मी जायचं कसं?"

"मुलगा सोडेल ना?"

"सोडेल की. का नाही सोडणार?" असं म्हणून त्यांनी उरलेली कोथिंबीर काड्यांसकट पातेल्यात टाकली.

गावाचा बोर्डाशी असलेला करार नव्याने करायची वेळ आलीच होती. नगर परिषदेत मतदान होणार होतं. करार झाला तर बस गेली. डच काका म्हणाले, करारच नको, बाहेर पडू, बस आपली आपण चालवू. मी इंग्रजी पत्रक लिहिलं. मग वाटलं, गावात एवढी मराठी घरं आहेत, एक मराठीतही काढू. बोर्डाला मी मंडळ म्हटलं. बाबांना दाखवलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "वीज मंडळ, शिक्षण मंडळ. बोर्ड म्हणजे मंडळच. मथळा काय?"

"मंडळ सोडा, गाव वाचवा."

"जमलं," बाबा म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठी दाद मी कधी ऐकलेली नाही.

पाडव्याचा कार्यक्रम हायस्कूलच्या हॉलमध्ये होता. आत नाट्यगीतं चालली असताना मी आणि बाबांनी पार्किंगमधल्या एकूण एक गाडीच्या वायपरखाली पत्रक लावलं.

आमच्या दोघांच्याही डोक्यात मंडळ या शब्दाचा अर्थ नागपूरचा होता. अमेरिकेत मराठी माणसाच्या लेखी मंडळ एकच असतं. ज्याचा पाडवा असतो, दिवाळी असते, गणपती असतात, ज्याच्या निवडणुकीवरून दोन घरांचं येणंजाणं बंद होतं, ते. आणि आम्ही त्याच मंडळाच्या कार्यक्रमाच्या दारात, त्याच मंडळाच्या सभासदांच्या गाड्यांवर लिहून ठेवलं होतं:

"हे मंडळ आपल्या पैशांवर चालतं आणि निर्णय मात्र चार माणसं बंद खोलीत घेतात. यांना कोणी निवडून दिलं? आपल्या म्हाताऱ्या माणसांचा विचार यांनी कधी केला? वर्षानुवर्षं तीच नावं का? अर्धी माघार नको. मंडळ सोडा. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, नगर परिषदेचं सभागृह."

बसचा उल्लेख दुसऱ्या पानावर होता. दुसरं पान कोणी वाचत नाही, हा नियम बाबा सांगायला विसरले होते.

पहिला फोन मंडळाच्या अध्यक्षांचा आला. दाताचे डॉक्टर, मूळचे पुण्याचे. "पत्रक वाचलं," ते म्हणाले. "शुद्धलेखन उत्तम आहे. बाकीचं मंगळवारी बोलू."

दुसरा फोन एका मावशींचा, गेल्या निवडणुकीत अध्यक्षांकडून हरलेल्या. "अगं, किती वर्षं वाट बघत होतो आम्ही कोणीतरी बोलायची. तू फक्त खंबीर राहा. गाड्या भरून येतो."

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोपर्यंत पेटलं होतं. बटाटेवडे कोणाच्या मेहुण्याकडून आले, नाटकात मुख्य भूमिका दर वेळी कोणाच्या मुलीला मिळते, सगळं निघालं. सांस्कृतिक सचिवांनी राजीनामा दिला. तो कोणीच मागितला नव्हता. मी घाईघाईने खुलासा टाकला, की हे मंडळ ते मंडळ नाही, हे बोर्ड आहे, बसचं आहे.

खुलाशावर कोणाचा विश्वास बसला नाही. मावशींचा लगेच मेसेज आला, "दबाव आला ना तुझ्यावर? वाटलंच मला." अध्यक्षांच्या बाजूच्या एका काकांनी लिहिलं, "माघार घेतलीत, आनंद आहे. पण आता चर्चा होऊनच जाऊ दे."

बाबा खिडकीत बसून हे सगळं वाचत होते आणि खूश होते. "अगं, नागपूरला सत्तर टक्के संप झाला तरी सभेला एवढे लोक यायचे नाहीत."

मंगळवारी सभागृह भरलं. एरवी तिथे मी, बाबा आणि एक झोपाळू बातमीदार असायचो. त्या दिवशी डाव्या बाजूला अध्यक्षांचा गट, उजवीकडे मावशींचा, मधे एक रांग मुद्दाम रिकामी. महापौरबाई डायसवर बसताना थबकल्या. डच काकांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. त्यांना वाटलं, ही माझ्या लेखणीची ताकद. मी मान हलवली, ती नेमकी होकाराची की नकाराची, हे मलाच ठरवता आलं नव्हतं.

बोलायचं असेल त्याने दारातलं कार्ड भरायचं. अध्यक्षांनी भरलं होतं. विषय, 'बोर्ड'. बाजू, 'बोर्डाच्या बाजूने'. ते माइकसमोर गेले, कोट नीट केला आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "महापौर महोदया, मी या बोर्डाची सेवा इतकी वर्षं एक पैसा न घेता केली आहे. हॉलमधल्या खुर्च्या मी स्वतः उचलल्या आहेत."

महापौरबाईंनी चष्मा पुसला. "आपण आभारास पात्र आहात. कोणत्या बोर्डावर आहात आपण?"

"या," अध्यक्ष ठामपणे म्हणाले.

उजवीकडून मावशी उठल्या. "खुर्च्या उचलल्या म्हणजे बोर्ड विकत घेतलं का? आणि वड्यांचं काय?"

"वडे," महापौरबाईंनी शेजारच्या सभासदाला हळूच विचारलं, "हे कचऱ्याच्या कलमात येतं का?"

डच काकांनी कार्यक्रमपत्रिका पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. अध्यक्षांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. "म्हणजे," ते मराठीत म्हणाले, "हे खरंच बसचं आहे?"

"खरंच बसचं आहे, काका."

"मग तसं लिहायचं ना गं आधी."

"दुसऱ्या पानावर आहे."

तेवढ्यात माझ्याशेजारून काकू उठल्या. आम्ही त्यांना आमच्या गाडीतून आणलं होतं. "अहो, मंडळाचं नंतर भांडा. बसचं बोलायचं राहील." मला हाताला धरून त्या माइकपाशी गेल्या. "मी मराठीत बोलणार. तू सांग बाईंना."

त्या जे बोलल्या ते एवढंच होतं. "बाई, मी पोहायला जाते. नदीकाठी जन्म काढला, घाटावर धुणं धुतलं, पण पाण्यात कधी उतरले नाही. इथे येऊन उतरले. बस बंद केली तर मुलगा सोडेल मला. चांगला आहे तो, नाही म्हणणार नाही. पण त्याला विचारावं लागेल. त्याची मीटिंग बघावी लागेल, त्याचं तोंड बघावं लागेल. आज मी कुणाला विचारत नाही. उठते आणि जाते. तेवढं राहू द्या."

मी भाषांतर केलं. शेवटी माझ्याच्याने राहवलं नाही म्हणून जोडलं, की हा स्थानिक स्वराज्यावरचा घाला आहे आणि न निवडलेल्या सत्तेपुढे आम्ही झुकणार नाही.

काकूंना इंग्रजी बोलता येत नाही, समजतं मात्र सगळं. "एवढं कुठं बोलले मी?" त्या माइकमध्येच म्हणाल्या. "माझं तेवढंच सांग."

मराठी रांगा हसल्या. महापौरबाईंनी काय झालं विचारलं. मी खरं ते सांगितलं, मग त्याही हसल्या.

आणि मग जे झालं त्याचा मला आजही अभिमान आहे, जरी त्यात माझा हात नव्हता. अध्यक्ष पुन्हा माइकपाशी आले. "मघाचं माझं कार्ड रद्द समजा," ते म्हणाले. "माझी आईही त्याच बसने लायब्ररीत जाते. मी बाजू बदलतो." उजवीकडून मावशी उठल्या, "माझ्या सासूबाई पण," आणि जाऊन अध्यक्षांच्या मागे उभ्या राहिल्या. एकामागून एक सगळे उठले. मधली रिकामी रांग उभ्या माणसांनी भरली.

परिषदेत सात जण. तिघांना करार होता तसा हवा होता. इतर तिघं चुळबुळत होते, त्यांनी आता दुरुस्ती मांडली. करार करू, बोर्डात राहू, पण छोटी बस आहे तशी गावाच्या हातात घेऊ, तेवढे पैसे बोर्डाला द्यायचे नाहीत. चार मतं हवी होती. चौथं मत डच काकांचं. दुरुस्ती पडली तर त्या तिघांतला कोणीतरी मूळ करारालाच हात वर करणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

म्हणजे बस हवी तर त्यांनी बोर्डात राहण्याच्या बाजूने मत द्यायचं. ज्या बोर्डातून बाहेर पडण्यासाठी ते निवडून आले होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली, या वेळी स्पष्ट. मला तेव्हा मनापासून वाटत होतं की आज नमलो तर उद्या आमचं पत्रक कोणी हातात घेणार नाही. मग त्यांनी काकूंकडे बघितलं. काकू त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या मावशींना पोहण्याचा पोशाख कुठून मागवला ते सांगत होत्या.

डच काकांनी हात वर केला.

बाहेर ते सायकलचं कुलूप काढत होते, तिथे मी त्यांना गाठलं.

"तुम्ही होकार दिलात."

"दिला."

"आपण काय लिहिलं होतं? अर्धी माघार नको."

"ते तू लिहिलं होतंस. मी आलेख मागत होतो." त्यांनी हेल्मेटचा पट्टा लावला. "माझ्या गावी आम्ही प्रत्येक ठरावाला नाही म्हटलं. मुख्य रस्त्याला झाडं लावायच्या ठरावालासुद्धा, कारण थोडा पैसा युरोपीय संघाचा होता. मागच्या उन्हाळ्यात गेलो होतो. झाडं प्रचंड झाली आहेत. लोकांना आमच्या पक्षाचं नाव आठवत नाही. झाडांना नाही म्हणणारे ते, एवढं आठवतं."

"म्हणजे तुमचं मत बदललं?"

"छे. बोर्ड वाईटच आहे. सोडायलाच हवं. फक्त ती पोहते आहे तोवर नाही."

बाबा मागे उभे होते. "आम्ही तरी युनियनमध्ये काय करत होतो गं?" ते म्हणाले. "महिनाभर पत्रकं काढायची आणि शेवटी करारावर सही करायची. सहीच्या दिवशी दरवेळी एक पोट्टा चिडून निघून जायचा. चांगला असायचा तो. दुसऱ्या दिवशी त्यालाच पुढचं पत्रक लिहायला द्यायचो."

मला पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. बस वाचली याचा आनंद मला झाला, खूप झाला, पण ज्यांना आपण जाब विचारू शकत नाही त्यांच्याकडून आपलीच बस परत मागून घ्यावी लागली, यात आनंदाचं काय आहे? हे मी डच काकांना ऐकवलं, बाबांना ऐकवलं, पार्किंगमधून जाणाऱ्या अध्यक्षांनाही ऐकवलं. अध्यक्ष म्हणाले, "हे मात्र पहिल्या पानावर टाक."

काकू हळूहळू जिना उतरून आल्या. पदर सावरला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं.

"झालं ना? मग बस कुठे थांबते इथे?"

"आता नाही काकू. संध्याकाळी सहाला शेवटची. चला, गाडी आहे आमची."

"सहाला?" त्यांना हे माहीतच नव्हतं, त्या सकाळच्याच. "मग या मीटिंगला मी यायचं झालं तर तुमच्या गाडीची वाट बघायची?" त्यांनी डच काकांकडे बोट केलं. "यांना विचार, सहाच्या पुढे बस करायला काय लागतं."

मी विचारलं. डच काका सायकलवर एक पाय टाकून थांबले. मग अगदी सरळ, आलेख समजावून सांगावा तशा आवाजात म्हणाले, की करारात बस आहे तशीच ठेवायची असं लिहिलं आहे, वेळाही आहेत त्याच. वाढवायच्या तर बोर्डाची परवानगी हवी आणि बोर्ड ती देणार नाही. त्यासाठी बोर्डच सोडावं लागेल.

मी ते काकूंना मराठीत सांगितलं, एक शब्द न जोडता.

"मग सोडा की," काकू म्हणाल्या आणि आमच्या गाडीचं पुढचं दार उघडून बसल्या.